मुलाच्या अहवालात ‘बुद्ध्यंक ८५’ आलाय. या आकड्याचं करायचं काय?

कोरीपाटी | मंगळवार, रात्री १०.५०

इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. सिंहगड रस्त्यावरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. घरी आम्ही सगळे मराठीच बोलतो. पहिल्या घटक चाचणीनंतर बाईंनी बोलावून घेतलं. वर्गात लक्ष नसतं, सांगितलेलं अर्धवट करतो, उतारा वाचून उत्तरं लिहिता येत नाहीत. बुद्ध्यंक चाचणी करून आणा म्हणाल्या. करून आणली. अहवाल चार पानांचा आहे, पण सगळ्यांची नजर एकाच ओळीवर जाते: बुद्ध्यंक ८५, ‘सरासरीपेक्षा कमी’. शाळा आता म्हणते की त्याला झेपेल अशी दुसरी शाळा बघा. नवऱ्याने अहवाल वाचून घडी घालून ठेवला, त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही. सासूबाईंना सांगितलेलं नाही.

हाच मुलगा रोज सकाळी आजीबरोबर दारात बसतो. मागच्या आठवड्यात आजीने पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी एकदा काढून दाखवली आणि पुसली. याने ठिपके मांडले आणि तीच परत काढली. डाव्या बाजूला एक वळण चुकलं, ते त्याचं त्यालाच दिसलं. बोटाने तेवढंच पुसलं आणि नीट ओढलं. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी होते.

तर हा ८५ नक्की काय मोजतो? त्यावरून शाळा बदलायची का? चाचणी परत करून घ्यावी का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

सहामाही | मंगळवार, रात्री ११.०५

ताई, आधी शांत झोपा. एका कागदाने मूल बदलत नाही. जाणकार लिहितीलच.

पेठकर | बुधवार, सकाळी ६.४०

३१ वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलं, त्यातली २० वर्षं स्कॉलरशिपचा वर्ग घेतला. त्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न, १०० गुण. गटात न बसणारे पद, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेतला क्रमांक. जूनमध्ये ५० पैकी १८ बरोबर आणणारी मुलगी माझ्याकडे फेब्रुवारीत ४१ पर्यंत गेलेली आहे. आठ महिन्यांत तिची बुद्धी दुपटीहून वाढली का? नाही. तिला प्रश्नांची ओळख झाली, भीती गेली. अप्पा बळवंत चौकातून दर वर्षी पोत्यांनी सरावपुस्तकं विकली जातात ती काय उगीच? माझं स्पष्ट मत आहे, असल्या चाचण्या सराव मोजतात. शाळा बदलू नका.

चष्मा_कपाळावर | बुधवार, सकाळी ९.१५

मुलांच्या चाचण्या घेणं हेच माझं काम आहे, सतरा वर्षं झाली. कोरीपाटी, तुमच्या प्रश्नांना क्रमाने उत्तर देते.

बुद्ध्यंकाची मोजपट्टी अशी आखलेली असते की एका वयाच्या मुलांची सरासरी १०० यावी आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये यावीत. म्हणजे ८५ च्या खाली साधारण सहातलं एक मूल असतंच. चाळीस जणांच्या वर्गात सहा-सात. ही मुलं सगळ्या शाळांत आहेत, तुमच्याही शाळेत आहेत. दुसरं म्हणजे हा आकडा वजनकाट्यासारखा नाही. तेच मूल दुसऱ्या दिवशी चार-पाच अंक इकडेतिकडे जाऊ शकतं. चांगल्या अहवालात ‘८० ते ९० च्या दरम्यान’ असं लिहिलेलं असतं.

पेठकर काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण स्कॉलरशिपचा पेपर वेगळा आणि एकेका मुलाला समोर बसवून घेतलेली चाचणी वेगळी. आम्ही ते प्रश्न बाहेर जाऊ देत नाही ते याचसाठी.

आता मला दोन गोष्टी सांगा. अहवालात भाषिक आणि कृतीचा असे दोन बुद्ध्यंक वेगळे दिलेत का? आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली?

कोरीपाटी | बुधवार, सकाळी ११.३०

आहेत. भाषिक ७३, कृतीचा ९७. मला वाटलं तो नुसता तपशील आहे. चाचणी इंग्रजीत घेतली, शाळेचं माध्यम इंग्रजी म्हणून.

चष्मा_कपाळावर | बुधवार, दुपारी २.००

मग तुमचा ८५ मी बाजूला ठेवते. ७३ आणि ९७ ची ती सरासरी आहे. पानशेतचा पाऊस आणि शिवाजीनगरचा पाऊस यांची सरासरी काढली तर ती कोणत्याच गावाची नसते, तसंच हे. चोवीस अंकांचा फरक हीच या अहवालातली खरी बातमी होती आणि ती पहिल्या पानावर यायला हवी होती.

वर्णनावरून हे मॅलिन यांनी नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमध्ये तयार केलेलं वेश्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय रूपांतर दिसतंय, १९६९ सालचं. त्यात पूर्ण बुद्ध्यंक असाच सरासरीने काढतात. ठोकळे जुळवणं, चित्राचे तुकडे जोडणं, यांचा कृतीच्या भागात समावेश असतो. तिथे तुमचा मुलगा अगदी त्याच्या वयाच्या मुलांसारखा आहे. ठिपक्यांच्या रांगोळीला जे लागतं ते हेच. भाषिक भागात शब्दार्थ, माहिती, तोंडी गणितं. ज्या मुलाला इंग्रजी फक्त वर्गात कानावर पडतं त्याला ‘हा शब्द म्हणजे काय’ हे इंग्रजीत विचारलं तर आपण त्याची समज मोजतोय की त्याचं इंग्रजी, हे सांगता येत नाही.

आकडेमोड | बुधवार, सायंकाळी ७.२०

मी हिंजवडीत काम करतो, मानसशास्त्रातला नाही, पण या विषयावरचे मूळ शोधनिबंध गेली काही वर्षं आवडीने वाचतोय. वरच्या मुलाच्या बाबतीत चष्मा यांचं म्हणणं पटलं. पण ‘चाचण्या सराव मोजतात’ हे सोडून देता येत नाही.

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची एकच चाचणी झाली. ८७,४९८ मुलं. पुढे ६६ वर्षांनी इयन डीअरी आणि सहकाऱ्यांनी त्यांतले काही जण शोधले आणि ७७ व्या वर्षी त्यांना तीच चाचणी परत दिली. अकराव्या वर्षीचे आणि ७७ व्या वर्षीचे गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.६३ निघाला, म्हणजे क्रम बऱ्याच अंशी टिकला. मधे महायुद्ध, नोकऱ्या, संसार, आजारपणं. सरावाने एवढं टिकत नाही. इंग्लंडमधल्या ७०,००० हून जास्त मुलांच्या अभ्यासात अकराव्या वर्षीची बुद्धी आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षेचे गुण यांचा संबंध ०.८१ इतका आला. हे मोजमाप काहीतरी खरं पकडतं. आपल्याला आवडत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

पेठकर | बुधवार, रात्री ८.०५

आकडेमोड, स्कॉटलंडच्या सगळ्या मुलांना चाचणी त्यांच्या शाळेच्या आणि घरच्या भाषेत दिली होती ना? इथे तेच झालेलं नाही.

आकडेमोड | बुधवार, रात्री ८.१५

हा मुद्दा मान्य. आणि हेही प्रामाणिकपणे लिहितो की शाळा स्वतःच बुद्ध्यंक वाढवते. २०१८ साली रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून जास्त लोकांवरची आकडेवारी एकत्र केली. शिक्षणाच्या दर जादा वर्षामागे १ ते ५ अंकांची वाढ दिसली. म्हणजे कमी अंक आले म्हणून मुलाला हलक्या अभ्यासाच्या शाळेत पाठवणं हे उलटंच आहे. ज्याला शाळेची जास्त गरज त्याचीच शाळा आपण कमी करतो.

सहामाही | बुधवार, रात्री ८.२०

हे शेवटचं वाक्य शाळेला छापून द्या कोणीतरी.

जुनीवही | गुरुवार, पहाटे ५.५०

ही चाचणी मुळात कशासाठी जन्माला आली ते इथे यायला हवं. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये पहिली मोजपट्टी केली. सरकारला हवं होतं ते एवढंच: नेहमीच्या वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या मदतीची गरज असणारी मुलं ओळखायची, तीही शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता. बिने यांनी १९०९ मध्ये ठासून लिहिलं की बुद्धी ठरलेली असते, वाढवता येत नाही, या निराशेविरुद्ध उभं राहायला हवं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण, हात स्थिर ठेवणं यांचे व्यायामसुद्धा सुचवले. १९११ मध्ये ते गेले. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून बुद्ध्यंक काढायची कल्पना १९१२ ची, जर्मनीच्या विल्यम श्टेर्न यांची. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९१६ मध्ये ती सगळीकडे नेली. मदतीसाठी केलेली गोष्ट हळूहळू चाळणी झाली.

आणि आपल्याकडचं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. आजही बिने-कामत नावाने दवाखान्यांतून वापरतात. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने बसून मुलाला त्याच्या भाषेत विचारायची सोय केली, आणि आज पुण्यात मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीत विचारतात. मला याचं फार वाईट वाटतं.

चष्मा_कपाळावर | गुरुवार, सकाळी ९.००

जुनीवही, अनुमोदन. एक भर घालते. जुन्या चाचण्यांची, गुणांवरून बुद्ध्यंक काढायची कोष्टकंही जुनी असतात. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की अनेक देशांत दर दशकाला साधारण तीन अंकांनी सरासरी वर सरकत होती. म्हणून जुन्या कोष्टकाने मोजलं तर आकडा मोठा दिसू शकतो. नुसता बुद्ध्यंक सांगून भागत नाही. कोणती चाचणी, कोणत्या सालची, कोणत्या भाषेत, कोणी घेतली, हे सगळं विचारायचं. पालकांना तो हक्क आहे.

फडावरची_शाळा | गुरुवार, दुपारी १.१०

मी ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवते. दिवाळीनंतर टोळ्या येतात, पाचटाच्या खोपीत राहतात, मार्च-एप्रिलला जातात. एकदा सरावपुस्तकातला ‘गटात न बसणारा शब्द’ मी माझ्या पद्धतीने विचारला: कोयता, विळा, कुऱ्हाड, ऊस. दहा वर्षांची मुलगी म्हणाली, कुऱ्हाड. मी म्हटलं, का गं? तर म्हणे, “फडात कुऱ्हाडीचं काय काम? विळ्यानं वाढं बांधायला पाचट कापता येतं, कोयत्यानं ऊस. कुऱ्हाड घरी ठिवायची.” उत्तरपत्रिकेप्रमाणे चूक. मी तिला चूक देऊ शकले नाही.

पुढे वाचनात आलं की लुरिया नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडून हेच ऐकायला मिळालं होतं. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळं काढा म्हटलं तर ते म्हणायचे, ओंडका नसेल तर करवत काय कामाची? शाळेत गेलेले मात्र पटकन ‘हत्यारं’ असा गट करायचे. वस्तू कामातून काढून नुसत्या नावाने लावायची ही सवय शाळा लावते.

उसावरूनच अजून एक. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. पीक निघायच्या आधी, पैशांची चणचण असताना, त्याच माणसांचे आकृत्यांच्या चाचणीतले गुण कमी होते, आणि पैसे हातात आल्यावर वाढले. माणूस तोच. आमच्या मुलांची आई सकाळी उचल फिटली की नाही याच हिशेबात असते. तिच्या शेजारी बसलेल्या पोराचं लक्ष पाढ्यांत कसं लागेल?

मंडईजवळची | गुरुवार, दुपारी ३.४०

फडावरची, डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी पोरं तोंडी हिशेब असा करतात की आपण खिशातून फोन काढेपर्यंत सुटे पैसे हातात. आणि वहीत तीच वजाबाकी अडते. २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांवर असाच मोठा अभ्यास झाला. त्यात हेही दिसलं की शाळेतल्या मुलांना वहीतलं येतं आणि बाजारातलं येत नाही. दोन्हीकडे पूल नाही.

शुभ_हडपसर | गुरुवार, सायंकाळी ६.००

आमच्या सोसायटीत एकांनी बोटांच्या ठशांवरून जन्मजात बुद्धी सांगणारी चाचणी करून घेतली. कोणत्या क्षेत्रात जावं तेही लिहून देतात. ती करून बघावी का? ताईंनाही उपयोग होईल.

चष्मा_कपाळावर | गुरुवार, सायंकाळी ६.१०

नाही. कृपया नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्गही तसेच, नाकाशेजारच्या फटीतून बघायची ती सवय असते. पैसे जातात हे एक, पण मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं हे जास्त वाईट.

शुभ_हडपसर | गुरुवार, सायंकाळी ६.२५

धन्यवाद. शनिवारची वेळ घेतली होती, रद्द करतो.

चाफेकळी | गुरुवार, रात्री ९.३०

दुसऱ्या टोकाचा अनुभव. माझ्या मोठ्या मुलीला पाचवीत बुद्धिमत्ता चाचणी घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळेत जागा मिळाली. शाळा चांगली, तक्रार नाही. दोन वर्षांनी धाकटीने तीच चाचणी दिली, नाव आलं नाही. आम्ही कोणीही काही बोललो नाही. पण पाहुणे आले की ही ‘हुशार’ आणि ही ‘धाकटी’. नवव्या वर्षी धाकटीने मला विचारलं, “आई, मी ढ आहे हे तुला आधी कळलं की त्यांना?” आज ती कर्वे रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकते. तो प्रश्न मात्र मी विसरलेले नाही.

पुण्यात या गोष्टीचं वजन जास्तच आहे असं मला वाटतं. इथे १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनी आहे, बुद्धिमान मुलांचा विचार इथे गंभीरपणे झाला, गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धीविषयीच्या सिद्धांतावर मराठीत चाचण्या बनल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण निवडलेल्या मुलाचा विचार करताना त्याच घरात न निवडलेलंही एक मूल असतं.

आकडेमोड | गुरुवार, रात्री ९.५०

चाफेकळी, धाकटीला सांगा: टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात सुमारे १,५०० अतिहुशार मुलं चाचणीने निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ यांनाही लहानपणी तपासलं होतं. दोघे निवडीत बसले नाहीत. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

माध्यमवाद | गुरुवार, रात्री १०.०५

सगळं ठीक, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातलंत कशाला? सरळ मराठी शाळेत घाला, आकडा आपोआप सुधारेल.

कोरीपाटी | गुरुवार, रात्री १०.३०

माध्यमवाद, राग नाही. माझं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालं आणि पहिल्या नोकरीत मुलाखतीला बसून मी घामाघूम झाले होते. ते त्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून घातलं. चूक असेलही. पण आज तिसरीच्या मध्यात त्याचे मित्र, त्याची बस, सगळं सोडवून ‘तुला झेपत नाही म्हणून’ असं सांगत त्याला हलवलं तर तो काय ऐकेल?

अक्षरवेल | शुक्रवार, सकाळी १०.००

माझा मुलगा वाचन-लेखनाच्या अक्षमतेचा. आम्हाला हाच बुद्ध्यंक वरदान ठरला. सगळे आळशी म्हणायचे, चाचणीत १०८ आला तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की पोरगा हुशार आहे, अडतंय ते अक्षरांत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. त्यावर प्रमाणपत्र मिळालं, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. म्हणून चाचणीच नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

खरी पंचाईत ७० ते ८५ मधल्या मुलांची होते. दिव्यांगात बसत नाहीत म्हणून सवलत नाही, वर्गाचा वेग झेपत नाही म्हणून शिकवणं नाही.

कोरीपाटी, अजून एक: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, तेवढं बघून घ्या. शाळेचं म्हणणं लेखी मागा.

पेठकर | शुक्रवार, सकाळी ११.१५

कालपासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. ‘सांगितलेलं अर्धवट करतो’ असं बाई म्हणाल्या ना? माझ्या वर्गात एक मुलगा होता, फळ्यावरचं सगळं बरोबर, तोंडी सांगितलेलं अर्धं. दोन वर्षं आम्ही त्याला धांदरट म्हणालो. नंतर कळलं की सर्दी झाली की त्याला कमी ऐकू यायचं आणि सर्दी त्याला बारा महिने असायची. ताई, कान आणि डोळे तपासलेत का?

चष्मा_कपाळावर | शुक्रवार, दुपारी १२.००

काका, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चाचणीच्या आधी ऐकणं आणि दृष्टी तपासलेली असावी हा आमचा नियम आहे. आपल्याला अनोळखी भाषेत तर अर्धा शब्द निसटला तरी अर्थ लागत नाही.

कोरीपाटी | पुढचा गुरुवार, रात्री ९.४५

उशिरा लिहिते आहे, धावपळ होती. डोळे ठीक आहेत. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, छोट्या यंत्राने पडद्याची तपासणी केली. दोन्ही कानांच्या पडद्यामागे द्रव साठलेला आहे, उजवीकडे जास्त. मुलांमध्ये बरेचदा होतं म्हणाले, अनेकदा आपोआप जातं, तीन महिन्यांनी परत बघू. ऐकणं थोडं कमी आहे. हेच सगळ्याचं कारण आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही.

शाळेत जाऊन बाईंना कागद दाखवला. लेखी मागितल्यावर शाळा बदलण्याचा विषय निघाला नाही. तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आणलं, डावा कान बाईंकडे. घरी आल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, “आई, बाई इंग्रजीत पण हळू बोलतात.”

सासूबाईंना सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्या म्हणाल्या, मला कधीचं माहीत आहे, तो माझ्या तोंडाकडे बघून ऐकतो.

चष्मा ताई, चाचणी परत कधी करायची?

चष्मा_कपाळावर | गुरुवार, रात्री १०.१०

तीच चाचणी लगेच नको, प्रश्न लक्षात राहतात. आधी कान होऊ देत. मग साधारण वर्षभराने, मराठीत, आणि निकालात दोन्ही आकडे वेगळे लिहून मागा. तोवर रोज रात्री पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, उजेडात बसून, त्याला तुमचं तोंड दिसेल असं.

कोरीपाटी | गुरुवार, रात्री १०.१८

आजच सुरू करते. तो अजून जागा आहे.